तबला डाव्या हाताला, डग्गा उजव्या: जागा बदलून वाजवायला शिकण्याची रीत

नेहमीच्या बैठकीत तबला उजव्या हाताला आणि डग्गा डाव्या हाताला असतो. त्यांची जागा अदलाबदल करून वाजवायची वेळ साधारण तीन जणांवर येते. पहिलं म्हणजे डावखुरं मूल. क्लासमध्ये त्याला सगळ्यांसारखंच बसवलेलं असतं आणि वर्ष उलटलं तरी त्याचा ‘ना’ हा तबल्याचा साधा बोलही काही वाजत नाही. दुसरा म्हणजे ज्याच्या उजव्या हाताला इजा झाली आहे असा माणूस. सोलापुरात यंत्रमागावर किंवा कारखान्यात बोट सापडलेले, पण भजनाची आवड न सुटलेले असे लोक पेठापेठांत आहेत. तिसरा म्हणजे चांगला वाजवणारा, पण दुसऱ्या हाताचं जडपण घालवू पाहणारा वादक. तिघांनाही रीत एकच लागू पडते, फरक पडतो तो किती वेळ लागेल याचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. बोल तोंडात आणि कानात असतात, ते पुन्हा शिकावे लागत नाहीत. ठेका, सम, खाली, तिहाई सगळं शाबूत राहतं, बदलतात ते फक्त हात. त्यातही लोक घाबरतात तबल्याच्या हाताला, पण अखेरीस अडवून धरतो तो डग्ग्याचा हात. म्हणून या लेखात डग्ग्यावर जास्त वेळ घालवला आहे.

खरंच बदलायचं का?

तबला हे दोन्ही हातांचं वाद्य आहे. डग्ग्यावर घुमारा काढायला, मींड घ्यायला, म्हणजे दाब देऊन सूर वर सरकवायला, हात हुशारच लागतो. त्यामुळे डावखुरा माणूस नेहमीच्या बैठकीतही उत्तम वाजवू शकतो, किंबहुना त्याचा डग्गा इतरांपेक्षा गोड लागू शकतो. मूल डावखुरं आहे एवढ्यावरून लगेच जागा बदलू नका. पहिल्या सहा महिन्यांत पंधरा दिवस एका बाजूने आणि पंधरा दिवस दुसऱ्या बाजूने बसवून बघा. ज्या बाजूला ‘ना’ आणि ‘तिं’ वेगवेगळे ऐकू येऊ लागतील ती बाजू धरा आणि मग पुन्हा बदलू नका.

मूल डावखुरं आहे की नाही हे ताटावरून ओळखू नका, कारण जेवायला उजवाच हात घरोघरी शिकवलेला असतो. लिहिण्याचंही तेच. चेंडू कोणत्या हाताने फेकतं, खिळा ठोकताना हातोडी कोणत्या हातात जाते, दात कोणत्या हाताने घासतं ते बघा.

तीन-चार वर्षं वाजवून झाल्यावर केवळ हौसेखातर कायमची बाजू बदलण्याचा सल्ला देता येणार नाही. इजेमुळे बदलणं वेगळं. तिथे डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी हात चालवायला परवानगी दिल्यावरच सुरुवात करा, कारण दुखऱ्या हाताला डग्गा सोपा जाईल असं वाटतं, पण डग्ग्यावर मनगटाचा भार येतोच. आणि फक्त हात तयार करण्यासाठी उलटं वाजवायचं असेल तर रोजची वीस मिनिटं पुरे, मूळ बैठक सोडू नका.

इतर वाद्यांचं थोडक्यात सांगायचं तर पखवाज आणि ढोलकी उचलून फिरवली की काम झालं. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे मोठ्या तोंडाला, कणीक लावायची ती बाजू उजवीकडे येते एवढंच. सहा भोकांची साधी बासरी दोन्ही बाजूंना धरता येते, कारण भोकं एका रेषेत असतात. पेटीचे सूर मात्र उलटे होत नाहीत, खर्ज डावीकडेच राहतो, म्हणून तिथे बोटांचा क्रम नव्याने बसवावा लागतो. सतारीला तर वाद्यच वेगळं बनवून घ्यावं लागतं. या सगळ्यांत तबला सुखाचा, त्यात काहीही बनवून घ्यावं लागत नाही.

दाया-बाया हे शब्द बाजूला ठेवा

जागा बदलल्यावर ‘दाया’ (तबला) डाव्या हाताला येतो आणि ‘बाया’ (डग्गा) उजव्या. शिकवणारा ‘उजव्याने वाजव’ म्हणाला की विद्यार्थी गोंधळतो. पहिल्या दिवसापासून ‘तबल्याचा हात’ आणि ‘डग्ग्याचा हात’ असंच म्हणा. वहीतही तसंच लिहा.

शिकवणारे उजव्या हाताचे असतील तर त्यांच्या शेजारी न बसता समोरासमोर बसा. समोरचा माणूस तुमच्यासाठी आरसा होतो. त्यांचा तबला ज्या बाजूला दिसतो त्याच बाजूला तुमचा तबला असतो, त्यामुळे दिसेल तसं करायचं, मनात उलटवत बसायचं नाही. बाकीच्या मुलांना ही सोय नसते, त्यांना समोरचं मनातल्या मनात फिरवावं लागतं. मोबाइलवरचे धडे बघत असाल तर कोणत्याही व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये चित्र आडवं उलटवून घ्या, मग तो वादकही डावखुरा दिसेल.

वाद्य आणि बैठक

सरावासाठी तबल्याचं तोंड जरा मोठं घ्या, साडेपाच ते पावणेसहा इंच. लहान तोंडाचा, चढ्या सुराचा तबला नवख्या हाताला फार कडक लागतो आणि किनार (कडेची चामड्याची पट्टी) व शाई (काळा गोल) यांच्यामध्ये बोट ठेवायला जागा उरत नाही. डग्गा नऊ ते साडेनऊ इंचांचा चालेल. पुडी (तोंडावरचं चामडं) फाटली किंवा शाईचे टवके उडाले असतील तर आधी ती बदलून घ्या. पंढरपूर सोलापूरहून सत्तरेक किलोमीटरवर आहे आणि तिथे पखवाज-तबल्याला पुडी चढवणारे कारागीर आहेत. त्यांना ‘डावखुऱ्यासाठी’ असं काही सांगायची गरज नाही, पुडी तीच असते.

बसायला घडी घातलेली सोलापुरी चादर घ्या. चार घड्या केल्या की कंबर दीड-दोन इंच वर येते, गुडघे खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. जाड सुती वीण असल्याने फरशीवर ती सरकतही नाही. तबला डाव्या गुडघ्यापुढे, डग्गा उजव्या गुडघ्यापुढे. दोन्हींमध्ये दोन-तीन बोटांची फट ठेवा. चुंबळ नीट दाबून बसवा. तबल्याचं तोंड किंचित पुढे, म्हणजे तुमच्यापासून दूर कललेलं असावं. डग्गा जवळजवळ सपाट ठेवा.

आता इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. डग्ग्याची शाई मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. नेहमीच्या बैठकीतला डग्गा नुसता उचलून उजवीकडे ठेवला तर शाई भलत्याच जागी येते, तळव्याच्या मुळाला टेकायला मैदान, म्हणजे शाईबाहेरचं मोकळं चामडं, मिळत नाही आणि ‘गे’ हा डग्ग्याचा घुमणारा बोल दबका येतो. डग्गा चुंबळीवर गोल फिरवा. मैदानाचा रुंद भाग उजव्या तळव्याच्या मुळाखाली आला पाहिजे आणि बोटांची टोकं शाईच्या पलीकडच्या मैदानावर पडली पाहिजेत. जुन्या डग्ग्यावर तळव्याचा काळपट डाग असतो, त्या डागाकडे बघू नका, तो जुन्या हाताचा आहे. जागा सापडली की गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) खडूने खूण करून ठेवा म्हणजे रोज शोधावी लागणार नाही.

पहिले दोन आठवडे: हात सुटे

रोज एकूण पंचवीस मिनिटं, सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा वाटून. एकदम तासभर बसू नका. नवा हात वीस मिनिटांनी थकतो, आणि थकलेला हात चुकीची सवय लावून घेतो.

तबल्याचा हात आधी. डाव्या हाताची अनामिका शाईच्या काठावर हलकी टेकवा. ती टेकलेली राहिली पाहिजे आणि तर्जनीने किनारीवर ‘ना’ वाजला पाहिजे. हे ऐकायला सोपं आहे, पण करताना अनामिका तर्जनीबरोबर वर उचलली जाते. अनामिकेला स्वतंत्र हालचालीची मोकळीक कमी असते, उजव्या हाताने ती वर्षभर घासून मिळवलेली असते, डाव्याला नसते. त्यावर उपाय असा: अनामिका टेकवा, तर्जनी इंचभर उचला, सोडा. ‘ना’ वाजला की तर्जनी लगेच उसळून वर. मिनिटाला 60 मात्रांवर, मात्रेला एक, असे पन्नास. अनामिका हलली तर ती मोजणीत धरू नका.

‘ना’ स्वच्छ झाला की ‘तिं’. अनामिका तशीच टेकलेली, तर्जनी लवेवर (किनार आणि शाई यांच्यामधल्या पट्ट्यावर), शाईच्या काठाशी. मग ‘तू’, ज्यात अनामिका पूर्ण उचलायची आणि तर्जनी शाईवर मारून सोडायची. तिन्ही आवाज डोळे मिटून वेगळे ओळखू आले पाहिजेत. ‘ति’ आणि ‘ट’ हे बंद बोल नंतर घ्या, ते लवकर येतात.

बोटं पडतात कशी हेही बघा. नव्या हाताची सुरुवातीला भाकरी थापल्यासारखी चापट पडते, सगळी बोटं एकदम, आणि पुडीवर चिकटून राहतात. चामड्याला गुंजायला वेळ मिळत नाही म्हणून आवाज मेलेला येतो. जोर वाढवून काही होणार नाही, बोट लवकर उचला.

डग्ग्याचा हात, जिथे खरा वेळ जातो

उजव्या हाताने आजवर जे केलं ते टिपायचं काम होतं: नेमक्या जागी नेमकं बोट. डग्ग्यावर त्याला दुसरंच काम करायचं आहे. तळव्याचं मूळ टेकवून ठेवायचं, बोटं मनगटापासून नव्हे तर मुळापासून वळवून मारायची आणि मारल्यानंतर दाब देऊन सूर वर न्यायचा. उजव्या हाताला याची सवय नसते, म्हणून तो तबला वाजवल्यासारखाच डग्गा वाजवतो आणि ‘गे’ कोरडा पडतो.

पायऱ्या अशा ठेवा. पहिले तीन दिवस तळवा टेकवूच नका. हात हवेत, मधल्या दोन बोटांनी शाईपलीकडच्या मैदानावर मारा आणि डग्गा पूर्ण घुमू द्या. हा मोकळा आवाज कानात बसला पाहिजे, कारण पुढे तोच टिकवायचा आहे. चौथ्या दिवसापासून तळव्याचं मूळ रुंद मैदानावर टेकवा, पण हाताचं वजन त्यावर सोडू नका. टेकवून वाजवलेला ‘गे’ मोकळ्या आवाजाच्या निम्म्याने तरी घुमला पाहिजे. घुमत नसेल तर दाब जास्त आहे.

आठवडाभराने मींड. ‘गे’ वाजवा आणि वाजल्यानंतर तळवा शाईच्या दिशेने थोडा पुढे ढकला. सूर वर चढतो. आधी दाबून मग मारलं तर आवाज फक्त चढा येतो, चढत जात नाही. हा फरक कानाला पकडता आला की अर्धं काम झालं. ‘के’ म्हणजे पूर्ण सपाट, बंद हात, तो एका दिवसात येतो.

डग्ग्याचा हात कसा बोलतो हे ऐकायचं असेल तर अहमदजान थिरकवाँ किंवा झाकिर हुसेन यांचा एखादा तीनताल संथ लयीत लावा आणि तबल्याकडे दुर्लक्ष करून फक्त खालचा आवाज ऐका. ठेक्याच्या कोणत्या मात्रेला सूर वर जातो, कुठे नुसता घुमतो, ते वहीत टिपा.

दोन्ही हात, आधी दादरा मग केहरवा

तिसऱ्या आठवड्यात एकत्र. ‘धा’ म्हणजे ‘ना’ आणि ‘गे’ एका क्षणी. दोन्ही हात पुढे-मागे पडले तर ‘गना’ असं ऐकू येतं. मोबाइलवर आवाज भरून ऐका, वाजवताना हा फरक कळत नाही.

पहिला ठेका दादरा: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, हाताला विचार करायला वेळ मिळतो. मग केहरवा: धा गे ना ति, न क धि न. केहरव्यात डग्गा फक्त पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेला आहे. आधी तोंडाने पूर्ण ठेका म्हणत फक्त डग्ग्याच्या चार मात्रा वाजवा. मग तसाच फक्त तबला. मग दोन्ही. हातांना सुटं सुटं पाठ होईपर्यंत जोडू नका. भजनात बसणाऱ्यांना एवढ्यावर महिन्याभरात साध्या गतीची साथ करता येते.

पाचव्या आठवड्यात सोळा मात्रांचा तीनताल. इथे अडतं ते खालीपाशी, म्हणजे तालाच्या रिकाम्या भागापाशी. नवव्या मात्रेच्या ‘धा’नंतर दहा ते तेरा डग्गा थांबतो आणि चौदाव्याला ‘धिं’वर परत येतो. जुन्या सवयीने थांबतो तो दुसराच हात, आणि खालीत डग्गा वाजत राहून तबलाच गप्प बसतो. दहा ते तेरा या चार मात्रांत डग्ग्याचा हात पुडीवरून उचलून गुडघ्यावर ठेवा. ओंगळ दिसेल, पण आठ दिवसांत खाली पक्की होते, मग हात जागेवर ठेवा.

कायदा आणि तिरकिट

सातव्या-आठव्या आठवड्यापासून कायद्याला, म्हणजे ठरलेल्या बोलांच्या बांधलेल्या रचनेला, हात घाला. नेहमीचाच घ्या: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धिना. नवा कायदा घेऊ नका. जो उजव्या हाताला झोपेतही येतो तोच या हाताला द्या, म्हणजे डोकं मोकळं राहतं आणि लक्ष बोटांवर जातं.

‘तिरकिट’ मात्र घाईने करू नका. ‘ति’ मधल्या बोटांनी, ‘र’ तर्जनीने, ‘कि’ डग्ग्यावर बंद, ‘ट’ पुन्हा तबल्यावर. बोटांची निवड गुरूंप्रमाणे थोडी बदलते, ती त्यांचीच ठेवा. वेगात गेल्यावर जुना हात मध्ये घुसतो आणि ‘कि’ चुकीच्या बाजूला वाजतो. हे झालं की तिथेच थांबा. चार अक्षरं चार मात्रांवर, मिनिटाला 50 च्या लयीत, तोंडाने म्हणत. आठ आवर्तनं एकही चूक न होता झाली तर लय पाचने वाढवा. मध्ये एक चूक झाली तर पाचने कमी करा. रडतखडत वर नेलेली लय दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

बाजू कायमची बदलणाऱ्यांनी पहिले सहा आठवडे जुन्या बाजूने अजिबात वाजवू नये. दोन्ही ठेवायच्या असतील तर नवी बाजू आधी, ताज्या हाताने, आणि जुनी किमान तासाभराच्या अंतराने.

दुखणं कुठलं चालेल, कुठलं नाही

तर्जनीचं टोक आणि तळव्याचं मूळ पहिल्या पंधरवड्यात हुळहुळणारच. मनगटात कळ, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा आला तर वाजवणं थांबवा, आणि दोन दिवसांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. कधीकधी मूळ खांद्यातही असतं. नव्या हाताचा खांदा नकळत कानाकडे चढतो. दर पाच मिनिटांनी दोन्ही हात मांडीवर सोडून खांदे खाली आहेत का बघा.

सोलापूरची हवा आणि आवाज

मार्चपासून मे अखेरपर्यंत पारा चाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडी असते आणि पुडी ताणली जाऊन सूर चढतो. कडक पुडी नवख्या बोटांना लागते. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या खोलीत तबला ठेवू नका, गवसणी घालून खालच्या खोलीत ठेवा. उलट, कूलरसमोर बसलात तर ओलसर वाऱ्याने अर्ध्या तासात सूर उतरतो, पुडी सैल पडते आणि बोट उसळत नाही. शिकणाऱ्याला वाटतं हातात दम नाही. कूलर बंद करून गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर लावा आणि मग हाताला दोष द्या. हातोडी ज्या हाताला सवयीची आहे त्याच हातात धरा, ती बदलायची गरज नाही. गट्टा खाली ठोकला की सूर चढतो. बारीक फरक गजऱ्यावर काढा: वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो.

घाम फार येत असेल तर चिमूटभर पावडर आणि शेजारी कोरडा टॉवेल. पुडी ओल्या फडक्याने पुसू नका, शाई सुटते.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. शेजारी माग चालू असेल तर त्याची खटखट ठरलेल्या गतीची असते आणि संथ लयीत वाजवणाऱ्याला ती ओढून नेते. लेहऱ्याचं (ताल धरून फिरत राहणाऱ्या धुनेचं) ॲप इअरफोनवर लावा, किंवा माग बंद असतानाची वेळ धरा.

मंडळात आणि मंचावर बसताना

गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्याला पेटी ही रूढ बैठक आहे. गायकाकडे तोंड करून बसलेल्या उजव्या हाताच्या वादकाचा तबला त्यामुळे श्रोत्यांच्या बाजूला येतो. तुम्ही त्याच जागी बसलात तर श्रोत्यांकडे डग्गा येईल आणि तबल्याचे बारीक बोल मागे राहतील. पेटीवाल्यांशी आधीच बोलून गायकाच्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे तबला पुन्हा श्रोत्यांकडे येतो. भजनी मंडळात दाटीवाटीने बसावं लागतं. तिथे तुमचा डावा कोपर शेजारच्या टाळकऱ्याला लागतो, म्हणून रांगेच्या डाव्या टोकाची जागा मागून घ्या.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मंचावर माइकवाले सवयीने तबल्याचा माइक उजवीकडे आणि डग्ग्याचा डावीकडे लावून मोकळे होतात, आणि दोन्हींचे आवाजही तसेच ठरवून ठेवलेले असतात. पडदा उघडण्याआधी दोन्ही माइकच्या जागा बदलून घ्या, आणि आवाज तपासताना फक्त ‘ना’ आणि फक्त ‘गे’ सुटे वाजवून दाखवा.